सदरहू खुर्चीबाबत, ताईस

ती. ताईस धाकटीचा नमस्कार.

"दुकान धाकटीचं, सामान थोरलीचं," असं बाबा हॉस्पिटलच्या खाटेवर म्हणाले, त्याला आता बरीच वर्षं झाली. तू उशीच्या बाजूला होतीस, मी पायांच्या बाजूला, तरी आपण दोघींनी ते सारखंच ऐकलं. निदान एवढ्यावर तरी आपल्यात वाद नाही. (असला तर कळव. तुझ्या वकिलांच्या नोटिशीत आणखी कशाकशावर वाद आहे ते मला अजून नीट उमगलेलं नाही.) बाबांनी जन्मभर लोकांचे केस कापले, पण गिऱ्हाइकाशी गप्पा न मारणारा केस कापणारा मी तेवढा एकच पाहिला. समोरच्याच्या गळ्यावर वस्तरा असताना त्याला हसवू नये, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे बोलायचे ते मोजकं, तोडून. ते वाक्य तिथेच संपलं होतं, की पुढे 'खुर्ची मात्र' असं काहीतरी यायचं होतं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही, कारण नेमकी तेव्हाच नर्स आली आणि तिनं त्यांच्या तोंडात थर्मामीटर घातला. थर्मामीटर निघाल्यावर त्यांनी पाणी मागितलं. त्या नर्सवर दावा लावता येतो का, हेही मी बघणार होते, पण तो विषय कायद्याच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर आहे आणि जिन्याला कठडा नाही.

असो. तुझे गुडघे कसे आहेत? उकिडवं बसू नकोस. भावोजींची पित्ताची तक्रार कमी झाली का? भाचीचा निकाल लागला असेल. तुझ्या वकिलांची प्रकृतीही उत्तम असावी अशी आशा करते, त्यांची सही पाहून जरा काळजी वाटली. आम्ही इकडे ठीक आहोत. ह्यांची कंबर धरली आहे, पण त्याचं कारण पुढे येईल.

नोटीस आली तेव्हा मी एका पँटची उंची कमी करत होते. पोस्टमननं सही घेतली, जाडजूड पाकीट दिलं, मला वाटलं कोणाची तरी लग्नपत्रिका. उघडलं तर 'आपणांस कळविण्यात येते की'. ताई, खरं सांगते, पहिल्यांदा बरं वाटलं. लहानपणापासून तू मला 'ए' म्हणतेस, 'गधडे' म्हणतेस, आणि आज एकदम 'आपणांस'! दुसऱ्या परिच्छेदात 'आपण सदरहू खुर्ची बेकायदेशीरपणे अडवून ठेवली आहे' असं आलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आणि त्या वेळी मी कुठे बसले होते? सदरहू खुर्चीतच. एकदम उठून उभी राहिले, जणू ती तापली होती. पँटवाला समोरच उभा होता, तो म्हणाला, "काय झालं? सुई टोचली का?" मी हो म्हटलं.

तुला त्या खुर्चीची अडचण माहीत आहे, पण तुझ्या वकिलांना नसेल म्हणून लिहिते. बाबांच्या त्या दुकानात आता माझ्या डाव्या हाताला शिलाईचं मशीन, उजव्या हाताला इस्त्रीचं टेबल, आणि मध्ये बाबांची ती लोखंडी फिरती खुर्ची. शिवलं, गर्रकन फिरलं, इस्त्री केली, पुन्हा गर्रकन फिरलं. माझा सगळा धंदा त्या गरगरण्यावर चालतो. तुझ्या नव्या पार्लरमध्ये ती आरशासमोर कशी शोभेल तेही मला दिसतं. (तू मागितलीस तेव्हा मी 'बघू' म्हणाले. 'बघू' म्हणजे काय, यावर तू फोन आपटलास. आपटायला नको होतास. मीसुद्धा 'बघू' म्हणजे काय ते तेव्हा ठरवलेलं नव्हतं.)

ह्यांना नोटीस वाचून दाखवली. हे म्हणाले, वकील गाठायचा तर गाठू, पण तो विचारेल तुमची बाजू काय, तर ती आधी तुला तरी कळलेली बरी. म्हणून मी कोर्टाच्या मागच्या बाजूला असलेल्या कायद्याच्या वाचनालयात गेले. ते कोणालाही खुलं असतं, हे मला माहीतच नव्हतं. दारात रजिस्टर आहे. नाव, वेळ, आणि येण्याचं कारण. माझ्या आधीच्यानं 'भाडेकरार' लिहिलं होतं, त्याच्या आधीच्यानं 'अपील'. मी बराच वेळ पेन धरून उभी राहिले आणि शेवटी 'ताई' लिहिलं.

आतली खोली लांबुळकी. दोन्ही बाजूंना छतापर्यंत कपाटं, आणि सगळी पुस्तकं एकाच तपकिरी रंगाची, पाठीवर सोनेरी अक्षरं. मला आधी वाटलं, एकाच पुस्तकाच्या इतक्या प्रती कशाला आणल्या असतील? मधोमध लांब टेबल, त्यावर हिरवी रेक्झिनची चादर, तिला कोणीतरी ब्लेडनं चौकोन पाडलेले. (खटला हरलेला असणार.) कोपऱ्यात ग्रंथपाल बाई. चष्मा कपाळावर, स्वेटर खांद्यावर, चेहरा असा की जणू आपण पुस्तक फाडायलाच आलो आहोत. मी विचारलं, खुर्चीवर काही आहे का?

"बसायच्या?"

"नाही, भांडायच्या."

त्यांनी चष्मा खाली घेतला. मी अख्खी हकीकत सांगायला घेतली, बाबांपासून, आणि थर्मामीटरपर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर केला. "मॅडम, मी पुस्तक देऊ शकते. अर्थ सांगू शकत नाही. सल्ला द्यायची आम्हाला परवानगी नाही." मी म्हटलं सल्ला नको, फक्त मी बरोबर आहे की चूक तेवढं सांगा. त्या म्हणाल्या, त्यालाच सल्ला म्हणतात.

पण ताई, माणूस तोंडानं गप्प बसला तरी भुवयांनी बसत नाही. मी पानावर बोट ठेवून त्यांच्याकडे बघायची. भुवई वर गेली की समजायचं आपलं काही खरं नाही, स्थिर राहिली की आशा आहे. अशा रीतीनं मी कायद्याचा बराच अभ्यास केला. नंतर कळलं की त्या बाईंना त्या आठवड्यात सर्दी होती आणि शिंक येण्याआधी त्यांची भुवई वर जायची. त्यामुळे त्या अभ्यासातलं किती धरायचं आणि किती सोडायचं, हा एक निराळाच घोळ झाला आहे.

कायद्याच्या पुस्तकाची मराठी आपल्यासारखीच दिसते, पण आत शिरलं की माणूस हरवतो. वाक्य या पानावर सुरू होतं, मध्ये 'परंतु' येतं, मग 'तथापि', मग 'असे असले तरी', आणि पान उलटेपर्यंत आपण कोणाच्या बाजूनं वाचत होतो तेच आठवत नाही. एका वाक्यात खुर्ची मला मिळाली, स्वल्पविरामाशी गेली, पुन्हा मिळाली, आणि पूर्णविराम आला तेव्हा ती कोणाकडेच नव्हती. पण त्यातून मला एक गोष्ट कळली. जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात, स्थावर आणि जंगम. हलत नाही ती स्थावर, हलते ती जंगम. आणि त्या पुस्तकाप्रमाणे, जी वस्तू इमारतीला पक्की जोडून टाकली ती इमारतीबरोबर जाते. ताई, खुर्चीच्या बुडाला बोल्ट आहेत! बाबांनी ती फरशीत ठोकून बसवली होती! म्हणजे ती सामान नाहीच, ती दुकान आहे! मी इतक्या जोरात पुस्तक मिटलं की पंख्याखाली बसलेले एक आजोबा दचकून जागे झाले.

घरी जाताना फिटरला घेऊनच गेले. म्हटलं, बोल्ट आवळून द्या आणि वरून सिमेंट लावा, भरपूर. तो म्हणाला खुर्ची तर हलतही नाहीये, कशाला? मी म्हटलं, ती आणखी हलायला नको आहे. त्या रात्री मला छान झोप लागली. (इथे मला तुझी आठवण आली नाही असं लिहिणार होते, पण वाचनालयात शपथेबद्दलही थोडं वाचलं आहे.)

दुसऱ्यांदा गेले ती नुसती मिरवायला. ते पंख्याखालचे आजोबा आपणहून जवळ आले. त्यांचा शेजाऱ्याशी एका पन्हळीवरून खटला चालू आहे, इतका जुना की ती पन्हळ आता राहिलीच नाही. त्यांना सल्ला द्यायची परवानगी कोणी दिलेली नव्हती, पण नाकारलीही नव्हती. त्यांनी माझं पुस्तक पाहिलं आणि म्हणाले, "ही जुनी आवृत्ती. नवी बघा, नवी." ग्रंथपाल बाईंनी नवी काढून दिली. नवीत तेच होतं, पण पुढे एक 'परंतु' वाढलेला. वस्तू कशासाठी जोडली ते बघायचं म्हणे. इमारतीचं बरं व्हावं म्हणून जोडली असेल तर इमारतीची, पण वस्तू नीट वापरता यावी एवढ्यासाठीच जोडली असेल, तर ती जंगम ती जंगमच.

बाबांनी बोल्ट का मारले ते मला पक्कं माहीत आहे, तुलाही माहीत आहे. ते जाडे कंडक्टर दाढीला आले होते, मागे रेलले, आणि खुर्चीसकट उताणे झाले. बाबांचा वस्तरा हवेत, कंडक्टरांचे पाय हवेत, आणि आपण दोघी पडद्यामागे तोंडात फ्रॉक कोंबून हसत होतो. दुसऱ्या दिवशी बोल्ट आले. ते काही दुकानाचं भलं व्हावं म्हणून नव्हते. माणूस उलटू नये म्हणून होते. म्हणजे नव्या आवृत्तीप्रमाणे खुर्ची तुझी. आणि साक्षीदार कोण, तर मीच. मी बाईंकडे पाहिलं. भुवई वर गेली, आणि मग त्या शिंकल्या.

आजोबा म्हणाले, अजून एक कसोटी असते. काहीही न मोडता उचलता आली तर जंगम, मोडतोड झाली तर स्थावर. मला ते पटलं. (मला त्या खोलीत सगळंच पटायचं, हाच माझा मूळ त्रास आहे.) म्हटलं, खरं काय ते एकदाचं बघूनच टाकू. पुन्हा फिटरला बोलावलं. सिमेंट फोडा, बोल्ट काढा. त्यानं पान्हा खाली ठेवला. "बाई, तुम्हाला खुर्ची पाहिजे का फरशी, ते एकदा ठरवा. मी दोन्ही करतो, पण एका दिवशी एकच." सिमेंट ओलसरच होतं, छिन्नीखाली भुसभुशीत निघालं. बोल्ट तेल सोडताच फिरले. फरशीला एक ओरखडा नाही. खुर्ची अशी अलगद सुटली, जणू इतकी वर्षं ती कोणी विचारायचीच वाट बघत होती.

ही बातमी मी आजोबांना मोठ्या प्रामाणिकपणे सांगितली, तर त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, स्वतःचा पुरावा स्वतःच उपटलात! आता कोर्टाला काय दाखवणार, भोकं?" मी घाबरून ग्रंथपाल बाईंकडे पाहिलं. बाई कधी नव्हे ते पुस्तकांच्या गाडीआड गेल्या आणि गाडी थोडी थरथरत होती. सर्दी नव्हती ती.

मग मी ठरवलं. अगदी शांतपणे. तुझीच आहे तर तुला देऊन टाकायची. नोटिशीला उत्तर नको, वकील नको, सरळ टेम्पो करायचा आणि तुझ्या पार्लरच्या दारात उतरवायची. तू दार उघडशील, खुर्ची बघशील, मला बघशील. मी काय बोलायचं तेसुद्धा तयार केलं होतं. (काही नाही. नुसतं 'घे' म्हणणार होते.) हे, फिटर आणि टेम्पोवाला, तिघांनी मिळून ती दारापर्यंत नेली. आणि अडकली.

धूळ येते म्हणून बाबांनी दुकानाचं मोठं दार काढून काचेची भिंत घातली आणि त्यात हे अरुंद दार बसवलं, आठवतंय? तेव्हा खुर्ची आतच होती. तिला बाहेर जायचं असेल कधी, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसणार. पाठ काढावी तर गंजून एकजीव झालेली. पायदान काढावं तर तेही. आडवी केली, उलटी केली, तिरपी केली. ह्यांनी "जरा इकडून" म्हणून जो जोर लावला त्यात खुर्ची जागची हलली नाही, पण ह्यांची कंबर हलली. शेवटी ती अर्धी आत आणि अर्धी बाहेर अशी रुतून बसली. हे आतल्या बाजूला कंबर धरून, मी बाहेरच्या बाजूला, आणि गिऱ्हाइकांच्या सगळ्या पँटी आत. दुपारभर लोक येऊन विचारत होते, दुकान बंद आहे का? हे आतून ओरडायचे, "चालू आहे! जाता येत नाही, एवढंच!" टेम्पोवाला तोवर बाहेर आलेल्या अर्ध्या भागात बसून बिडी ओढत होता. अगदी आरामशीर आहे म्हणाला.

संध्याकाळी सगळ्यांनी रेटून ती परत आत घातली. आता ती फरशीवर नुसती उभी आहे. मी मशीनकडून इस्त्रीकडे फिरले की ती माझ्याबरोबर दोन पावलं चालते. कालपासून मी एका साहेबांच्या पँटला चुकून दुसऱ्याच पँटचा एक पाय जोडून बसले आहे.

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडण्याआधीच पायरीवर जाऊन बसले. बाई आल्या, कुलूप काढलं, मी त्यांच्या मागोमाग आत. विचारलं, जी वस्तू सुटी आहे म्हणून जंगम, पण दारातून जात नाही म्हणून स्थावर, ती कुठल्या कपाटात? बाईंनी पर्स टेबलावर ठेवली, खाली बसल्या, आणि हसायला लागल्या. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, "याच्यावर पुस्तक नाहीये हो. असतं तर मीच घरी नेलं असतं." मग स्वतःच्या डब्यातला अर्धा पेरू दिला. वाचनालयात खायला मनाई आहे अशी पाटी त्यांच्या डोक्यावरच आहे.

तर ताई, माझी कायदेशीर बाजू आता अशी आहे: खुर्ची तुझी आहे, हे मी लेखी कबूल करते. ती माझ्या दुकानात आहे, याला माझा इलाज नाही. ती न्यायची तर भिंत फोडावी लागेल, आणि भिंत हे दुकान आहे, म्हणून ती माझी. तुझ्या वकिलांना यातून काही सुचलं तर मलाही कळवायला सांग, मला खरोखर कुतूहल आहे. तोवर तुझ्या खुर्चीवर मीच बसते आहे. त्याबद्दल आगाऊ दिलगिरी.

भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझी,
धाकटी (नोटिशीप्रमाणे: 'आपण')

ता. क. हे पत्र मी तुला थेट पाठवते आहे, ते कदाचित चुकीचं असेल. गेल्या आठवड्यात मी फोन केला होता. भाचीनं उचलला. म्हणाली, "मावशी, आईला वकिलांनी तुझ्याशी बोलू नको म्हटलंय." आणि मागून तुझा आवाज आला, "सांग तिला, मी घरात नाहीये." भाची म्हणाली, "आई घरात नाहीये असं आई म्हणते." मला हसू आलं, मग फोन ठेवल्यावर आलं नाही. म्हणून आता खरं सांगते. वाचनालयात मी खुर्चीचं जेवढं वाचलं, त्याहून जास्त हे शोधत होते, की दोन बाजूंनी एकमेकींशी बोलायला खरंच बंदी असते का. बाईंनी चार पुस्तकं काढून दिली. बोलू नये असं मला एकाही पानावर सापडलं नाही. परंतुसुद्धा नाही. अर्थात माझ्या वाचण्याचा काय भरवसा.

आणखी ता. क. कोर्टाच्या कामकाजाचंही एक पुस्तक वाचलं. तारखेला पुकारा होतो म्हणे, नाव घेऊन, मोठ्यानं. मग एक इकडे उभी राहते आणि एक तिकडे. ताई, शाळेत नाव घातलं तेव्हापासून पार बाबांच्या मृत्यूच्या दाखल्यापर्यंत मी कुठल्याही कचेरीत एकटी गेलेली नाही, प्रत्येक वेळी तू होतीस. कुठल्या खिडकीशी उभं राहायचं ते तूच सांगायचीस, आणि माझी पर्सही तूच धरायचीस. हे येतील, पण ते माझ्याहून घाबरट आहेत, आणि त्यात आता कंबर. म्हणून विचारते. नोटीस मागे घे असं मी म्हणत नाही, खटला तू खुशाल चालव. तुझ्या वकिलांना आवडणार नाही, भावोजी हसतील, आणि तू नाहीच म्हणणार आहेस, हे मला इथे बसूनही ऐकू येतंय. पण तारीख लागली की मला न्यायला घरी येशील का? आपण बरोबर जाऊ. कोर्टाच्या दारापर्यंत तरी.